सापडलं नाही, एवढंच

माझं काम काय आहे हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या अमरावतीहून आमच्याकडे चंडीगढला आल्या की शेजारणींना अभिमानाने सांगत, "हमारी बहू खून तपासती है." मग संध्याकाळी आसपासच्या दोन-चार पंजाबी आज्या साखर तपासून घ्यायला दारात हजर. मी त्यांना चहा देऊन परत पाठवायचे. साखर तपासायचं यंत्र घरात नव्हतं आणि प्रयोगशाळेत जी यंत्रं होती त्यांना साखरेशी काही कर्तव्य नव्हतं. पण सासूबाईंचं वाक्य मी कधी दुरुस्त केलं नाही. आमच्या विभागाच्या माहितीपत्रकात जे छापलं जायचं त्यापेक्षा ते खऱ्याच्या जास्त जवळ होतं.

माहितीपत्रकात मानवी आरोग्याची नवी पहाट वगैरे उगवत असे. प्रत्यक्षात मी एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, खिडकी न उघडणाऱ्या खोलीत बसून, नवरा-बायकोच्या रक्तात थॅलेसीमियाचा दोष नेमका कुठे लपलाय ते शोधत असे. या आजारात लाल पेशींमधलं हिमोग्लोबिन नीट बनत नाही. दोष आई आणि वडील दोघांकडून आला तर मुलाला दर काही आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त द्यावं लागतं, तेही जन्मभर. एकाकडूनच आला तर काही बिघडत नाही. तो माणूस धडधाकट असतो, आपल्यात असं काही आहे याचा त्याला पत्ताही नसतो. अशा माणसाला शास्त्रात वाहक म्हणतात. पंजाबात असे वाहक पुष्कळ.

लोक यायचे ते मात्र वेगळ्याच शोधात. लुधियानाचे एक सरदारजी दार लावून घेऊन हळूच म्हणाले, "मैडम जी, सच दस्सो, नुक्स किसदा है?" मी म्हटलं, दोष दोघांचा, अगदी समसमान. ते विचारात पडले आणि म्हणाले, "फेर वी, ज्यादा किसदा?" एक गृहस्थ तर भावी सुनेचं रक्त घेऊन आले होते. तिला काय सांगून काढलं होतं कोण जाणे. मी विचारलं, मुलाचं कुठे आहे? हा प्रश्न त्यांना अपमानाचा वाटला. ते वरपर्यंत तक्रार करून आले आणि वरून मला 'संवादकौशल्य' या विषयावरच्या कार्यशाळेला पाठवण्यात आलं. तिथे दोन वेळचं जेवण चांगलं होतं.

आता थोडं धंद्याचं सांगते. कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद गाळायला हरकत नाही. पण गाळलेलं पुढे नडतं, हाच या लेखाचा विषय आहे.

आपल्या पेशीचं मूळ दप्तर म्हणजे डीएनए. तो केंद्रकाच्या बाहेर जात नाही. जे बनवायचं असेल त्याची नक्कल काढली जाते, तहसील कचेरीतून काढतात तशी. या नकलेचं नाव आरएनए. मात्र पहिली नक्कल अगदी कच्ची असते. तिच्यात कामाचा मजकूर असतो आणि मध्ये मध्ये लांबच लांब उतारे असतात, जे पुढे लागणार नसतात. पुष्कळदा ठेवायचं थोडं आणि कापायचं फार. मग पेशी या नकलेवर काम करते. सुरुवातीला एक टोपी चढवते, म्हणजे ही प्रत अस्सल आहे हे कळावं. शेवटाला एकाच अक्षराची लांब शेपटी जोडते. त्या शेपटीवर प्रतीचं आयुष्य बरंचसं ठरतं. आणि मधले नको असलेले उतारे कापून उरलेली टोकं एकमेकांना जोडते. कुठून कुठे कापायचं याच्या खुणा त्या उताऱ्यांच्या कडांवरच असतात, मोजक्या अक्षरांच्या. एक अक्षर मागे-पुढे झालं तर पुढचं सगळं वाचन चुकतं. हे काम तुमच्या शरीरात हा परिच्छेद वाचतानाही चाललं आहे, आणि त्यासाठी कुणी फीत कापलेली नाही.

मी शिकत होते तेव्हा या कापून टाकायच्या उताऱ्यांना आमचे प्राध्यापक सरळ 'कचरा' म्हणत. ते म्हणत म्हणून आम्हीही म्हणायचो. पुढे कळलं की कचऱ्यातही जीव असतो. त्या फेकायच्या उताऱ्याच्या ऐन मध्यात एखादं अक्षर बदललं आणि त्या जागी कापायची खोटी खूण तयार झाली, तर पेशी फसते. भलतीकडे कापते. कचऱ्याचा एक तुकडा कामाच्या मजकुरात शिवला जातो आणि प्रत वाया जाते. हे आम्हाला पुस्तकातून माहीत होतं. तरीही रोजच्या तपासणीत आमची प्रयोगशाळा डीएनएचा कामाचा मजकूर आणि कापायच्या कडा तेवढ्या वाचायची. उताऱ्यांचा मधला भाग वाचत नसे. वेळ वाचायचा, आणि बहुतेकांचा दोष तेवढ्यात सापडायचाही. त्या 'बहुतेकां'मध्ये जे बसत नाहीत ते माझ्या लक्षात राहिले. त्यातलीच एक वैशाली.

आमचे विभागप्रमुख डॉ. भल्ला, मनाने वाईट नव्हे पण फोटोचे फार शौकीन, एक दिवस मला बोलवून म्हणाले, "आपके मुल्क के लोग आए हैं, आप बात कीजिए." विभागात मराठी मी एकटी. अमरावती आणि सातारा यांच्यामध्ये किती महाराष्ट्र आहे हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. बाहेर बाकावर चंडीमंदिरच्या छावणीतला, मूळचा साताऱ्याकडचा हवालदार दत्ता आणि त्याची बायको वैशाली बसले होते. दत्ता ताठ बसला होता, जणू बाकही तपासणीला आला आहे. वैशाली बारावी झालेली, बारीक चणीची, डोळे खाली नाहीत. त्यांचा पहिला मुलगा गावी दोन वर्षांचा व्हायच्या आत गेला होता. जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या कागदावर आजाराचं नाव होतं, थॅलेसीमिया. मुलाचं रक्त कुठेही राखून ठेवलेलं नव्हतं. मुलगा असता तर त्याच्या रक्तावरून आडवाटेने उत्तर काढता आलं असतं.

मी त्यांना म्हटलं, "म्हणजे तुम्ही दोघंही वाहक असणार."

दत्ता गोंधळला. "मी? न्हाई मॅडम. वाहक आमचे वडील. सातारा डेपोला."

मला क्षणभर कळेना. मग एसटीच्या गाडीतली ती पाटी डोळ्यांपुढे आली, चालक एकीकडे, वाहक दुसरीकडे. वैशाली खुदकन हसली आणि हसल्याचं तिचं तिलाच नवल वाटलं. बहुधा बऱ्याच दिवसांत हसली नसावी.

"अहो, तसला वाहक न्हवं," ती म्हणाली. "रोग वाहून न्हेणारा."

"मग असं म्हना की. पाशिंजर आपला न्हाई, पर आपल्याच गाडीत बसलाय."

"तसंच समजा," मी म्हटलं.

त्यांचा प्रश्न एकच होता. दुसरं मूल होऊ द्यायचं का? दर खेपेला चारात एक अशी शक्यता की ते मूलही पहिल्यासारखंच असेल. पण आई आणि वडील, दोघांच्या दोषाची नेमकी जागा कळली तर पोटातल्या बाळाची तपासणी करून आधीच सांगता येतं. एकाचीच जागा कळली तर अर्धंच उत्तर मिळतं. दत्ताची जागा लगेच सापडली. देशभर सगळ्यात ओळखीचा दोष, कापायच्या कडेला अगदी खेटून. हरप्रीत, आमचा तंत्रज्ञ, तो बघून म्हणाला, "लो जी, ए तां पुराना यार निकलेया." वैशालीचं मात्र काही दिसेना. पुन्हा वाचलं. कामाचा मजकूर स्वच्छ, कडा स्वच्छ.

डॉ. भल्लांनी अहवाल सांगितला, मी टंकला. इंग्रजीत तो निर्दोष होता: दोष आढळला नाही. मग मराठीत सांगायची पाळी माझी.

"वैशालीचं सापडलं नाही," मी म्हटलं.

दत्ताचा चेहरा उजळला. "म्हंजे हिच्यात काही न्हाई!"

"तसं नाही. सापडलं नाही. नाही असं मी म्हटलेलं नाही."

"त्येच की."

"ते तेच नव्हे, दत्ता. पहाऱ्यावर असताना माणूस दिसला नाही आणि माणूस नाहीच, यात फरक असतो ना?"

"असतोय," तो म्हणाला. "पर आईला त्यो फोनवर कसा सांगू?"

ही आई गावी. तिचं म्हणणं होतं की आमच्या घरात असलं कधी नव्हतं, तेव्हा जे आलं ते सुनेबरोबर आलं. दत्ताचा दोष सापडलाय हे दत्ताने तिला सांगितलं होतं का, हे मी विचारलं नाही. त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून उत्तर दिसत होतं.

वैशाली एवढा वेळ ऐकत होती. तिने विचारलं, "ताई, कुठं बघायचं ऱ्हायलंय?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी तिला सांगितलं की कापून टाकायचे उतारे आम्ही पूर्ण वाचत नाही, आणि वाचले तरी त्यात निरुपद्रवी बदल इतके असतात की गुन्हेगार ओळखता येत नाही. त्यापेक्षा पेशीने शेवटी काय कापलं आणि काय जोडलं तेच बघावं. म्हणजे डीएनए नव्हे, आरएनए. त्यासाठी रक्त ताजं हवं.

"घ्या की," म्हणून तिने हात पुढे केला.

आरएनएसारखी नाजूक वस्तू मी दुसरी पाहिली नाही. डीएनए टिकाऊ असतो, जुन्या हाडांतही सापडतो. आरएनए तुमच्या बोटाच्या घामाने मरतो. त्याला तोडणारं द्रव्य आपल्या कातडीवर असतं, थुंकीत असतं, टेबलाच्या धुळीत असतं, आणि पाणी उकळलं तरी ते हटत नाही. म्हणून सगळं बर्फात, हातमोजे घालून, न बोलता करायचं. हरप्रीतसारखा बडबड्या माणूसही आरएनएच्या दिवशी मौन पाळायचा. शेवटी नळीच्या तळाशी एक थेंब उरतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो उणे ऐंशीच्या थंडीत ठेवायचा.

त्या थेंबातला थोडा भाग घेऊन मी पहिली फेरी केली, म्हणजे त्याच्या भरपूर प्रती बनवल्या. जेलच्या चकतीवर, जिच्यात तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात, एक ठळक पट्टा आला, हवा होता तिथेच. आणि त्याच्या वर, जरा लांबीने मोठा, एक अगदी फिका पट्टा. फिका का, तेही ठाऊक होतं. वाया गेलेली प्रत पेशी फार काळ ठेवत नाही, वाचताना अडखळली की फाडून टाकते. म्हणजे पुरावा नष्ट करण्याचं काम पेशी स्वतःच करते. तरी थोडा उरला होता.

"मैडम जी, ए की?" हरप्रीतने विचारलं.

"जो कापायचा राहिला तो तुकडा," मी मराठीतच म्हटलं. त्याला कळलं.

तो फिका पट्टा वाचायला पुरेसा माल नव्हता. पहिल्या फेरीत जे बनवलं ते जेलवरच संपलं होतं. उरलेल्या थेंबावर मोठी फेरी करायची असं ठरलं. मी वैशालीला फोन केला, "काहीतरी दिसतंय. अजून नाव-गाव नाही. थोडं थांबा, दुसऱ्या मुलाचा विचार तोवर नको."

"थांबते, ताई," ती म्हणाली.

पण त्या आठवड्यात आमच्याकडे उद्घाटन होतं. नवं यंत्र आलं होतं आणि दिल्लीहून एक मोठे पाहुणे येणार होते. ते कोण होते हे सांगत नाही, कारण त्यांच्या जागी दुसरे कुणी असते तरी हेच झालं असतं. यंत्राला झेंडूची माळ घातली. उदबत्तीने धुराची घंटा वाजेल म्हणून उदबत्ती नुसतीच, न पेटवता, लावून ठेवली. पुष्पगुच्छांचं तबक धरायचं काम विभागातल्या बायकांकडे असा अलिखित नियम होता, त्यामुळे मी तबक घेऊन मागे उभी. पाहुण्यांनी भाषणात जीवनाचं सॉफ्टवेअर, प्राचीन ज्ञान आणि स्टार्टअप हे तिन्ही एका वाक्यात आणले. मग ते फीत कापून आत आले, यंत्र बघितलं आणि जरा हिरमुसले. यंत्र म्हणजे एक राखाडी पेटी. फोटोत धुलाईयंत्रासारखी दिसते.

डॉ. भल्लांच्या ते लक्षात आलं. काहीतरी दाखवायला हवं होतं. त्यांनी स्वतः फ्रीझर उघडला. पांढरी वाफ बाहेर आली, कॅमेरे खूश झाले. पुढच्याच डब्यातली एक नळी उचलून त्यांनी पाहुण्यांच्या हातात दिली. "सर, दिस इज आरएनए."

नळीचं झाकण हिरवं होतं. हिरवी झाकणं मी एकटी वापरत असे आणि त्या डब्यात हिरवी एकच होती.

मी म्हटलं, "सर, ती नको." तबक दोन्ही हातांत, समोर माणसांच्या तीन रांगा. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून बोटाने गप्प राहा अशी खूण केली. पाहुण्यांनी नळी उघड्या हाताने उजेडात धरली, हलवून पाहिली, शेजारच्यांना दाखवली. ती हातोहात फिरून परत आली. मग त्यांनी अंगठ्याने झाकण उघडून नाकाशी नेली.

"इसमें तो कोई खुशबू ही नहीं है!"

सगळे हसले. टाळ्याही झाल्या. तो फोटो आमच्या वार्षिक अहवालात रंगीत आला, खाली ओळ होती की मान्यवर संशोधनाची बारकाईने पाहणी करताना.

संध्याकाळी हरप्रीतने तो थेंब तपासला. बाहेर येऊन त्याने हातमोजे काढले. "मैडम जी, ओ तां गया." डॉ. भल्लांना सांगितलं तेव्हा ते खरंच वरमले. म्हणाले, "दोबारा सैंपल मँगवा लीजिए, क्या मुश्किल है." रक्त काय, पुन्हा काढता येतं. त्यांचं चूक नव्हतं. मी फोन लावला तेव्हा दत्ता म्हणाला, "मॅडम, बदलीचा हुकूम आला. आसामात. सामान बांधलंय, उद्या गावाकडं निघालो."

"जाता जाता एक तासभर या."

"कसं जमायचं? ट्रकवर माणसं लावायचीत. आनि मॅडम, तुमीच तर लिहून दिलंय, काही सापडलं न्हाई."

साताऱ्यातून किंवा आसामातून रक्त पाठवलं तर ते येईपर्यंत त्यातला आरएनए संपलेला असणार. वैशालीचा डीएनए मात्र आमच्याकडे होता. मी आणि हरप्रीतने फावल्या वेळात तिचे ते कापून टाकायचे उतारे पहिल्यांदाच पूर्ण वाचून काढले. बदल सापडले, पण तीन. कुठला दोषी, ते सांगणारा एकमेव साक्षीदार पाहुण्यांनी हुंगून संपवला होता. तिन्ही लिहून सुधारित अहवाल द्यावा असं मी सुचवलं. डॉ. भल्ला म्हणाले, अंदाजावर अहवाल देत नाहीत. हेही चूक नव्हतं. या सगळ्या प्रकरणात चूक अशी कुणाचीच सापडत नाही. माझ्या मनाला ते अजून बोचतं.

आज संगणकावर असे बदल टाकले की कुठला बदल कापणी बिघडवेल याचा बऱ्यापैकी अंदाज बसल्या जागी मिळतो. आयटी पार्कमधल्या पोरांशी बोलताना मला त्याचा हेवा वाटतो. तेव्हा तसं नव्हतं. तेव्हा फोन होता. मी अधूनमधून दत्ताला विचारत राहिले, रजा कधी, इकडे येणं कधी. रजा मिळत नव्हती. मग बऱ्याच महिन्यांनी एकदा वैशालीनेच फोन उचलला. ती सासरी गावी होती.

"कशी आहेस?"

"बरी हाय, ताई. आता सासूबाई काही बोलत न्हाईत मला. तुमचा तो कागद त्यांनी लॅमिनेशन करून ठेवलाय. आलं-गेलं त्याला दाखवत्यात, सुनेत दोष न्हाई म्हणून."

त्या घरात माझ्या अहवालाने जे काम केलं ते करायला तो लिहिलेलाच नव्हता.

"वैशाली, तो कागद तसं म्हणत नाही."

"मला ठाव हाय." मग थोडं थांबून, "ताई, दिवस गेलेत मला. दोष न्हाई म्हटल्यावर मग थांबायचं कशापायी, असं समदी म्हनाय लागली. मी तरी काय सांगणार?"

"कितवा महिना?"

"चौथा सरत आलाय."

मी म्हटलं, ताबडतोब निघ. अजून वेळ आहे. बाळात दत्ताचा दोष आलाय की नाही एवढं तरी बघू. आला नसेल तर काळजी मिटली.

"आनि आला असला तर?"

मला खरं सांगावं लागलं. "मग तुझा आलाय की नाही ते सांगता येणार नाही. मग अर्धी-अर्धी."

पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं.

"मग ऱ्हाऊ दे, ताई," ती म्हणाली. "अर्ध्यासाठी एवढ्या लांब येऊन अर्धंच घेऊन जायचं. आनि त्या अर्ध्यावर मला काय ते ठरवायला लावणार. मला न्हाई जमायचं ते."

मी आग्रह केला, वादही घातला. त्यानंतर तिचा फोन लागेनासा झाला. फौजेतली माणसं क्रमांक बदलतात.

मी निवृत्त व्हायच्या वर्षी दत्ता पुन्हा चंडीमंदिरला बदलून आला. खांद्यावर पद वाढलं होतं, पोट थोडं सुटलं होतं. बरोबर वैशाली आणि सहा-सात वर्षांची मुलगी, तन्वी. दोन वेण्या, गालाची हाडं या आजारात येतात तशी थोडी वर आलेली. मला सांगायची गरज नव्हती. दर तीन आठवड्यांनी रक्त देत होते. आता पुढच्या उपचारांचा विचार करायचा म्हणून डॉक्टरांनी तिच्या दोषाची पक्की जागा मागितली होती आणि नमुना फिरून फिरून माझ्याच टेबलावर आला.

उत्तर एका दुपारात मिळालं. दत्ताचा ओळखीचा दोष तिच्यात होताच. आणि वैशालीच्या त्या तीन बदलांपैकी तन्वीकडे एकच आला होता. बाकीचे दोन नव्हते. म्हणजे गुन्हेगार तो. उताऱ्याच्या मध्यावर, कामाच्या मजकुरापासून दूर, एक अक्षर. हरप्रीत तोवर दुसरीकडे गेला होता. दाखवायला शेजारी कुणी नव्हतं. जे मी इतकी वर्षं नळीत शोधत होते ते फ्रॉक घालून बाहेरच्या बाकावर पाय हलवत बसलं होतं.

मी त्यांना आत बोलावलं. जागा सापडली, असं सांगितलं. पुढे कधी मूल हवं असेल तर आता पोटात असतानाच पूर्ण तपासणी होऊ शकते, हे सांगितलं. दत्ता भिंतीकडे बघत म्हणाला, "आता कुठलं, मॅडम. हिच्याच पाठीमागं आयुष्य जायचं." मग मी त्यांना ती नळीची गोष्ट सांगितली. तेव्हा फोनवर मी फक्त 'नमुना खराब झाला' म्हटलं होतं. आता सगळं सांगितलं, पाहुणे, झाकण, खुशबू. दत्ताच्या जबड्याचं हाड हललं. तो उठून दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

वैशाली बसून राहिली. मी म्हटलं, "ती नळी राहिली असती तर तेव्हाच सापडलं असतं. तुला वेळेत कळलं असतं."

तिने तन्वीकडे पाहिलं. तन्वी माझ्या टेबलावरचा हातमोजा फुगवून त्याचा कोंबडा करत होती.

"आनि मग मी काय केलं असतं, ताई?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "सापडलं असतं तर ही नसती."

त्या नळीबद्दल हळहळायचं म्हणजे ही मुलगी नसती तर बरं झालं असतं असं म्हणायचं. हळहळायचं नाही म्हणावं, तर दर तीन आठवड्यांनी तिच्या शिरेत सुई जाते, त्याचं काय? मी दोन्हीकडून विचार करून पाहिला आहे. दोन्हीकडे टोक उघडंच राहतं, जोडता येत नाही. निवृत्तीच्या समारंभात माझ्याबद्दल बोलताना कुणीतरी म्हणालं की यांनी शेकडो कुटुंबांना उत्तरं दिली. दिली असतील. मला शाल घालताना फोटोसाठी दोनदा थांबवलं.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. वैशाली कागद घडी करून पिशवीत ठेवत होती. तन्वीने कोंबडा सोडून दिला, पांढरा कोट घातलेल्या माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाही वर करून माझ्या खुर्चीजवळ येऊन उभी राहिली. तिला मराठी सगळं कळत होतं, पण ती बोलायची हिंदीतच.

"आंटी, कौन-सा हाथ?"

"आज कोणताच नाही, बाळा. आज सुई नाही."

"पक्का?"

"पक्का."

तिने मान हलवली. पण वर केलेली बाही काही तिने खाली घेतली नाही.